नवा क्लाऊनफिश सहा दिवसांपासून कोपरा सोडत नाही, काय करावे?

गिरणाकाठ, जळगाव (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

गोड्या पाण्याची टाकी मी गेली आठ वर्षे सांभाळते आहे, परंतु खाऱ्या पाण्याची ही माझी पहिलीच टाकी आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी ही टाकी असून वाळू आणि दगड वजा जाता तिच्यात सुमारे १५० लिटर पाणी मावते. जानेवारीत पाणी भरले, सिरॅमिकचे दगड रचले आणि माशांना विषारी असलेले अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन स्थिर होईपर्यंत, म्हणजे जवळपास सात आठवडे, क्लाऊनफिश (पांढऱ्या पट्ट्यांचा नारिंगी समुद्री मासा) आणण्याची घाई केली नाही. लहानपणी वडिलांनी मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय दाखवले होते, तेव्हापासून हा मासा आपल्या घरी असावा असे मनात होते. त्यामुळे ते सात आठवडे मला फार मोठे वाटले.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात माझा भाऊ मुंबईहून रात्रीच्या गाडीने मासा घेऊन आला. मासा ऑसेलॅरिस जातीचा, हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढलेला आणि साधारण सव्वा इंच लांबीचा आहे. दुकानात पिशवी बांधल्यापासून घरी पोहोचेपर्यंत अकरा-बारा तास गेले होते. मी पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवली आणि नंतर मासा पाण्यात सोडला. तेव्हापासून तो मागच्या डाव्या कोपऱ्यात, फिल्टरच्या पाइपाच्या आडोशाला, पृष्ठभागापासून चार बोटे खाली एकाच जागी थरथरत उभा असतो. मी टाकीजवळ गेले की तो पाइपाच्या मागे जातो आणि तेथून फक्त एक डोळा दिसत राहतो. पेलेट, म्हणजे सुक्या खाद्याचे दाणे, तोंडासमोरून वाहत गेले तरी तो त्याकडे पाहतो, पण तोंड उघडत नाही. चौथ्या दिवशी गोठवलेल्या मायसिसचे (कोळंबीसारख्या बारीक जीवांचे) दोन तुकडे घेतले, त्यांपैकी एक लगेच थुंकून टाकला.

अंगावर डाग नाहीत, पर फाटलेले नाहीत. मासा आणला त्या दिवशी हायड्रोमीटरवर पाण्याची घनता (मीठ जितके जास्त तितकी ती जास्त) १.०२५ होती. तापमान दुपारी २९ अंशांपर्यंत जाते म्हणून त्याच दिवसापासून टाकीवर टेबल फॅन लावला आहे, आणि पाणी झपाट्याने आटते म्हणून रोज सकाळी साधारण तीन लिटर तयार खारे पाणी घालते. टाकी सुरू करताना दुकानदाराच्या सांगण्यावरून आणलेला डॅमसेल जातीचा एक छोटा निळा मासाही टाकीत आहे. तो अगदी धडधाकट असून खाद्य पडताच झडप घालतो. दिवे सकाळी दहा ते रात्री आठ सुरू असतात.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. याला धीर यावा म्हणून एखादे समुद्रपुष्प, म्हणजे हा मासा समुद्रात ज्याच्या सोंडांच्या आडोशाला राहतो तो ॲनिमोन, आणून ठेवावे का? आणि तीन आठवड्यांनी आखाजीला (अक्षय तृतीयेला) दोन्ही नणंदा मुलांसह येणार आहेत, घर भरलेले असेल. तोपर्यंत हा मासा रुळेल का? तो उपाशी आहे हे रोज पाहवत नाही.

पांझराकाठ, धुळे

ताई, प्रथम एक दिलासा देतो. सहा दिवस कोपरा धरून बसणे हे या जातीसाठी अनैसर्गिक नाही. क्लाऊनफिश हा मुळात चांगला पोहणारा मासा नव्हे. त्याची डुलतडुलत पोहण्याची पद्धत आपल्याला गोड वाटते, पण समुद्रात तो आपल्या ॲनिमोनपासून काही हातांपेक्षा दूर जात नाही, कारण उघड्यावर गाठला गेला तर वेगाने निसटण्याची ताकद त्याच्यात नसते. हॅचरीत वाढलेल्या पिल्लाने ॲनिमोन कधी पाहिलेलाही नसतो. तेथे तो शेकडो भावंडांच्या थव्यात, साध्या उघड्या टाकीत वाढलेला असतो. आपल्या घरी तो आयुष्यात पहिल्यांदा एकटा पडला आहे. पाइपाचा आडोसा हेच त्याला सापडलेले घर आहे, आणि म्हणूनच त्याला तेथून जाळीने हुसकावून बाहेर काढण्याचा मोह कृपया टाळावा. मी माझ्या पहिल्या माशाबरोबर नेमके तेच केले होते आणि त्याने पुढचे आठ दिवस तोंड दाखवले नाही.

मात्र बुजरेपणा आणि आजार यांची वरवरची लक्षणे सारखीच दिसतात, त्यामुळे आधी त्यांतला फरक पाहून घ्या. सकाळी दिवे लागण्यापूर्वी, खोलीत कोणी नसताना, लांबूनच मिनिटभर त्याच्या कल्ल्यांची झाकणे किती वेळा उघडतात ते मोजा आणि वहीत लिहा. सलग तीन सकाळी आकडा स्थिर राहिला किंवा खाली आला तर घाबरण्याचे कारण नाही. तो चढत गेला, मासा पंपाच्या प्रवाहात तोंड करून धापा टाकू लागला, किंवा अंगावर धुळीसारखा सोनेरी थर दिसू लागला, तर तो वेल्व्हेट हा परजीवीमुळे होणारा रोग असू शकतो. अंगावरून पांढरट चिकट पदर सुटताना दिसला तर ब्रुकलिनेलाची शंका घ्यावी. हा रोग क्लाऊनफिशला इतका वारंवार होतो की पुष्कळ जण त्याला ‘क्लाऊनफिशचा रोग’ असेच म्हणतात, आणि तो दोन-तीन दिवसांत मासा नेतो. अशा वेळी मासा ताबडतोब वेगळ्या टाकीत हलवावा लागतो. तांब्याचे औषध मुख्य टाकीत कधीही घालू नये, कारण दगड ते शोषून घेतात आणि पुढे त्या टाकीत कोळंबी, शंख असे जीव जगत नाहीत.

आपल्या वर्णनावरून मला तरी रोग दिसत नाही. भीती दिसते. आणि भीती असेल तर ती कशाची हे शोधावे लागेल. म्हणून आपल्याला तीन गोष्टी विचारतो. खाद्य टाकण्याची वेळ सोडून एरवी डॅमसेल याच्याशी कसा वागतो? टाकी घरात नेमकी कोठे आहे, आणि तिच्यासमोरून दिवसभरात काय काय हलते? टाकीच्या मागच्या व बाजूच्या काचा उघड्या आहेत की झाकलेल्या?

उपाशीपणाची चिंता मी समजू शकतो. सव्वा इंचाचे पिल्लू आठवडाभर कमी खाऊन तग धरते, पण त्यापुढे थांबू नये. पेलेट बाजूला ठेवा आणि आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची) अंडी आणून घरीच उबवा. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, पाव चहाचमचा अंडी आणि तळापर्यंत पोहोचणारी हवेची नळी एवढ्यावर काम होते. आपल्याकडच्या या दिवसांत खोलीचे तापमानच इतके असते की चोवीस तासांत पिल्ले बाहेर येतात. हवा बंद करून बाटलीच्या तळाशी टॉर्च धरा. पिल्ले उजेडाकडे उतरून नारिंगी ढगासारखी खाली जमतात आणि टरफले वर तरंगत राहतात. खालची पिल्ले नळीने ओढून सुती कापडातून गाळा, स्वच्छ पाण्यात एकदा खंगाळा, आणि सिरिंजला लांब नळी जोडून त्या कोपऱ्याच्या हातभर अलीकडे हळूच सोडा. हलणारे भक्ष्य दिसल्यावर तोंड उघडणे ही त्याची उपजत सवय आहे. पेलेट हे अन्न आहे हे त्याला अजून नव्या जागी पटलेले नसते.

तापीकाठ, भुसावळ

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि घरी दोन खाऱ्या टाक्या सांभाळते. वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ताईंच्या प्रश्नातील एका वाक्यापाशी मी थबकले, आणि माझ्या मते डॅमसेलच्याही आधी त्याकडे पाहावे लागेल. पाणी आटते म्हणून त्या रोज तीन लिटर खारे पाणी घालत आहेत.

आटते ते केवळ पाणी. मीठ टाकीतच राहते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असते, म्हणजे तीन लिटर खाऱ्या पाण्यातून रोज सुमारे १०५ ग्रॅम मीठ टाकीत अधिकचे पडत आहे. १५० लिटरच्या टाकीत ही वाढ दिवसाला लिटरमागे ०.७ ग्रॅम होते, आणि पाच-सहा दिवसांत ती साडेतीन-चार ग्रॅमवर पोहोचते. हिशोब बरोबर असेल तर आज आपल्या टाकीची घनता १.०२५ नसून १.०२८ ते १.०२९ च्या आसपास असली पाहिजे. आटलेल्या पाण्याची भरपाई नेहमी बिनमिठाच्या शुद्ध पाण्याने करावी. घरगुती आरओचे पाणी चालेल, मात्र आधी त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, तपासा. तो शून्याच्या जवळ नसेल तर पुढे उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा एक टप्पा जोडून घ्या. बोअरचे पाणी आपल्या भागात जड असते, ते या टाकीत घालू नये.

मोजण्याबद्दलही थोडे सांगते. काट्याच्या हायड्रोमीटरमध्ये काट्याला बारीक बुडबुडे चिकटले की काटा वर उचलला जातो आणि घनता खरीपेक्षा जास्त दिसते. प्रकाश किती वळतो यावरून खारटपणा दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा. पण त्याची तापमान-भरपाई साधारणपणे १० ते ३० अंशांपर्यंतच काम करते. चैत्र-वैशाखात भुसावळ-जळगावच्या दुपारी बंद खोलीतसुद्धा पारा तीसच्या वर असतो, म्हणून मोजणी पहाटे करावी, आणि यंत्र ३५ ग्रॅमच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावे.

दुसरा मुद्दा प्रवासाच्या पिशवीचा. बारा तासांत माशाने पिशवीत अमोनिया सोडलेला असतो, पण श्वासातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच खाली येतो आणि त्या खालच्या पीएचला बहुतेक अमोनिया कमी विषारी अशा अमोनियम रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतो. म्हणून लांबच्या प्रवासातून आलेला मासा उघड्या पिशवीत तास-दोन तास थेंब-थेंब पाणी घालत ठेवणे हितावह नसते. आपण पिशवी बंद ठेवून तरंगवली आणि मग मासा लगेच सोडला, ते त्या दृष्टीने बरोबरच झाले. उणीव एवढीच राहिली की पिशवीतल्या पाण्याची घनता मोजली गेली नाही. बरेच विक्रेते रोग आटोक्यात राहावेत म्हणून घनता १.०१९-१.०२० च्या आसपास ठेवतात. तेथून एकदम १.०२५ मध्ये आणि मग रोज थोडे वर, अशा चढत्या खारटपणाशी आपला मासा सहा दिवस झुंजत असावा. कमी खाऱ्या पाण्यात उतरणे माशाला तुलनेने सोसते, चढणे जड जाते. पुढच्या वेळी वेगळ्या छोट्या टाकीत दुकानाइतकीच घनता ठेवून मासा त्यात सोडावा आणि रोज ०.००१ इतकीच वाढ करत न्यावे.

पंख्याबद्दल: आपली हवा कोरडी असल्याने टेबल फॅन पाण्यावरून फिरला तर तापमान दोन-तीन अंश सहज उतरते, त्यामुळे तो जरूर चालू ठेवा. पण त्याच बंद खोलीत कूलर लावला की हवा दमट होऊन पंख्याचा परिणाम घटतो, हे लक्षात असू द्या. तापलेल्या आणि खारट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा एअर पंप या घरात असायलाच हवा. बर्फाची बाटली सोडण्याचा उपाय मी सुचवणार नाही. लहान टाकीत त्याने तापमान फार लवकर वरखाली होते.

गिरणाकाठ, जळगाव (प्रश्नकर्ती)

आपण दोघांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मॅडम, आपला हिशोब वाचून मी रात्रभर अस्वस्थ होते. आज पहाटे साडेपाचला शेजारच्या गावातील एका परिचितांकडून आणलेल्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजले, आकडा १.०२९ आला. गोड्या पाण्याच्या टाकीत जे पाणी टाकीत आहे तेच वरून घालायचे, ही सवय हाताला इतकी लागली होती की येथे ती चुकीची ठरेल हे मनातच आले नाही.

दादांच्या प्रश्नांची उत्तरे देते. कल्ल्यांची उघडझाप मी दोन दिवस मोजली, पहिल्या सकाळी ८४ आणि आज ८१. डॅमसेलबद्दल मी चुकीचे समजत होते. काल दुपारी दिवाणखान्याच्या दारामागे उभी राहून वीस मिनिटे पाहिले. मी समोर असते तेव्हा तो खाद्याच्या आशेने पुढच्या काचेला येतो, पण कोणी नसताना मधल्या दगडापासून सुटून थेट कोपऱ्याकडे धाव घेतो, क्लाऊनफिशला शेपटीकडून ढुशी देतो आणि परत दगडापाशी जातो. वीस मिनिटांत असे सहा वेळा झाले.

टाकी दिवाणखान्यात आहे आणि तिच्यापासून चार फुटांवर आमचा झोपाळा आहे. सासूबाई दुपारी आणि संध्याकाळी त्यावर बसतात. आपण विचारल्यावर मी खाली बसून टाकीच्या उंचीवरून पाहिले, तेव्हा लक्षात आले की खिडकीचा उजेड झोपाळ्यामागून येतो आणि प्रत्येक हेलकाव्याला त्याची रुंद सावली टाकीवरून सरकत जाते. कड्यांचा कुरकुर आवाजही काचेला हात लावला तर बोटांना जाणवतो. मागची काच झाकलेली आहे. बाजूच्या दोन्ही उघड्या आहेत.

आता पाणी एकदम बदलून टाकू का? आणि ॲनिमोनचे काय करू?

तापीकाठ, भुसावळ

एकदम मुळीच नको. १.०२९ वरून १.०२५-१.०२६ वर यायचे असेल तर रोज पावणेचार लिटर टाकीचे पाणी काढून तेवढेच शुद्ध आरओचे पाणी घाला आणि हे पाच दिवस करा. आटलेल्या पाण्याची भरपाई याशिवाय वेगळी, तीही शुद्ध पाण्यानेच. काचेवर पाण्याच्या पातळीशी टेपची एक बारीक पट्टी चिकटवा म्हणजे किती आटले ते रोज नेमके कळेल. पाणी पंपाच्या प्रवाहात हळूहळू सोडा, कोपऱ्याजवळ नको. सहाव्या दिवशी पहाटे पुन्हा मोजा.

पांझराकाठ, धुळे

ताई, झोपाळ्याचे आपण शोधून काढलेत, हे मला लांबून कधीच समजले नसते. समुद्रात वरून सरकणारी रुंद सावली म्हणजे बहुधा शिकारी, आणि तिच्यापासून लपण्याची बुद्धी हॅचरीत वाढलेल्या पिल्लातही असते. शिवाय माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पार्श्वरेखा असते. पाण्यातली बारीक कंपने त्याला तिच्यामुळे कळतात. आपल्या बोटांना जे जाणवले ते त्याला सर्वांगाला जाणवत असणार. सासूबाईंची जागा मोडावी असे मी म्हणणार नाही. महिनाभर झोपाळा अंगणात किंवा ओसरीवर टांगता आला तर पाहा. ते शक्य नसेल तर कड्यांना तेल द्या आणि खिडकीचा पडदा ओढा, म्हणजे निदान सावली पडणार नाही. बाजूच्या दोन्ही काचांना बाहेरून काळा कागद लावा. रात्री आतला दिवा लागलेला असताना बाहेर अंधार झाला की उघड्या काचेत माशाला स्वतःचेच प्रतिबिंब दिसते आणि तो त्याला दुसरा मासा समजतो. दिवेही दोन आठवडे सहा तासांवर आणा.

डॅमसेलबाबत मात्र मी स्पष्ट सांगतो की तो निघाला पाहिजे. टाकी तयार होत असताना पाण्यात अमोनिया यावा आणि तो पचवणारे जिवाणू वाढावेत म्हणून डॅमसेल सोडण्याची पद्धत आपल्याकडे अजून रूढ आहे, कारण हा मासा कणखर आणि स्वस्त असतो. डॅमसेल आणि क्लाऊनफिश दोघेही एकाच पोमासेंट्रिडी कुळातले आहेत. दोघांचाही स्वभाव जागा धरून ठेवण्याचा. जो आधी आला त्याला सगळी टाकी आपलीच वाटते. दगडांची मांडणी बदलली की त्याच्या हद्दी काही दिवस विस्कटतात हे खरे, पण सव्वा इंचाच्या पिल्लासाठी तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. दिवसा जाळीने त्याला पकडायला गेलात तर सगळे दगड उचलावे लागतील आणि क्लाऊनफिश आणखी भेदरेल. दिवे मालवल्यानंतर दोन तासांनी मंद टॉर्च घेऊन पाहा. तो ठरलेल्या एका फटीत झोपलेला असतो. तो दगडच अलगद उचलून बादलीत धरला की बरेचदा मासा आत मिळतो. रविवारी मी कामानिमित्त जळगावला येणार आहे. माझी टाकी पाच फुटी आहे आणि तीत मोठे मासे आहेत, तेथे याची दांडगाई चालणार नाही. मी त्याला घेऊन जाईन.

तोपर्यंत क्लाऊनफिशला भोके पाडलेल्या स्वच्छ प्लास्टिकच्या डब्यात, टाकीतच, काचेला टांगून ठेवता येईल. पाणी तेच, पण ढुशी नाही, आणि आर्टेमिया त्याच्यासाठीच राहील.

बोरीकाठ, अमळनेर

ॲनिमोनबद्दल मी लिहितो, कारण ती चूक मी केलेली आहे. तीन महिन्यांच्या टाकीत मी ॲनिमोन आणला. त्याने चार दिवस जागा बदलत फिरून पाचव्या रात्री पंपाच्या जाळीत स्वतःला ओढून घेतले, आणि सकाळपर्यंत सगळे पाणी दुधाळ झाले. माझे दोन्ही क्लाऊनफिश त्यात गेले. ॲनिमोनला तीव्र प्रकाश आणि स्थिर झालेले पाणी लागते; टाकी निदान वर्षभराची होईपर्यंत त्याचा विचार करू नये, आणि आपल्या खारटपणाच्या चढउतारांत तर अजिबातच नको. त्यातूनही हॅचरीतला क्लाऊनफिश ॲनिमोनमध्ये जाईलच याचा भरवसा नसतो. काही मासे महिनोन् महिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ॲनिमोनवाचून तो उत्तम जगतो. नीट सांभाळलेल्या टाक्यांमध्ये हे मासे वीस-वीस वर्षे जगल्याची उदाहरणे आहेत.

कोणी ‘ॲनिमोनऐवजी खरे प्रवाळ घ्या’ असे सुचवले तर तेही नाकारावे. खडक घडवणारी सर्व प्रवाळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि आपल्या समुद्रातून ती काढून विकणे हा गुन्हा आहे.

त्याऐवजी कुंभाराकडून मूठभर आकाराचे, बिनरंगाचे, नीट भाजलेले मातीचे बोळके आणा. दोन दिवस आरओच्या पाण्यात भिजवा, पाणी बदला आणि तोंड भिंतीकडे तिरके करून, पाइपाच्या खाली पण प्रवाहाच्या थोडे आडोशाला वाळूत रुतवा. क्लाऊनफिशच्या हॅचऱ्यांमध्ये अंडी घालण्यासाठी मातीची भांडीच ठेवतात, त्यामुळे ही वस्तू त्याच्या पिढ्यांच्या ओळखीची आहे. माझा आताचा मासा आठव्या दिवशी बोळक्यात शिरला आणि तेव्हापासून त्याने ते सोडलेले नाही.

टाकीवर जाळीचे झाकण आहे ना, तेही पाहा. घाबरलेला क्लाऊनफिश उडी मारतो.

गिरणाकाठ, जळगाव (प्रश्नकर्ती)

आखाजी होऊन चार दिवस झाले. सर्वांना काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

डॅमसेल शनिवारी रात्री दुसऱ्या प्रयत्नात दगडासह बादलीत आला आणि रविवारी धुळ्याला गेला. दादा, आपण स्वतः घरी येऊन टाकी पाहिलीत आणि सासूबाईंशी अर्धा तास बोललात; त्यानंतर झोपाळा ओसरीवर नेण्याचे त्यांनी आपणहून सांगितले. ‘‘त्याले जरा दम खाऊ द्या,’’ असे त्या आता येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावतात.

पाचव्या दिवशीच्या पाण्यानंतर पहाटेची घनता १.०२६ आली आणि आज ती १.०२५ आहे. काचेवरच्या टेपच्या रेषेपर्यंत मी रोज सकाळी आरओचे पाणी भरते. वैशाख लागल्यापासून ते साडेतीन लिटर लागते. कल्ल्यांची मोजणी ८१ वरून ६८ वर आली आणि तेथेच राहिली आहे.

भोके पाडलेल्या डब्यात असताना तिसऱ्या दिवशी त्याने पहिल्यांदा आर्टेमिया खाल्ला. मी नळीतून नारिंगी ढग सोडला आणि श्वास रोखून बघत राहिले. तो आधी मागे सरला, मग त्याचा एक डोळा एका पिल्लामागे फिरू लागला, आणि मग मान झटकावी तसा त्याने झटका देऊन ते टिपले. पाठोपाठ अकरा पिल्ले खाल्ली; मी मोजली. डब्यातून सोडल्यावर दोन दिवस तो पुन्हा पाइपाच्या मागे गेला, तेव्हा माझा धीर सुटला होता. पण त्यानंतरच्या सकाळी मी दिवा लावण्याआधी पाहिले तर तो बोळक्याच्या तोंडाशी कडेला अंग टेकवून, किंचित कलून झोपलेला होता. आता तो तेथेच राहतो. पेलेट मी मायसिसच्या रसात भिजवून देऊ लागले आणि गेल्या आठवड्यापासून तो ते थुंकत नाही.

आखाजीला घरात सात मुले होती. काचेपासून दोन हातांवर मी जमिनीवर खडूने रेघ आखली होती आणि मुलांनी ती पाळली. पहिल्या दिवशी मासा बोळक्यातच राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झोका खेळून दमलेली धाकटी भाची रेघेवर मांडी घालून गप्प बसली होती, तेव्हा तो बाहेर आला, पुढच्या काचेपर्यंत डुलत गेला, वळला आणि सावकाश परत गेला.

आता एकच विचारायचे आहे. याला जोडीदार आणावा असे मनात आहे. आणताना काय पाहावे?

पांझराकाठ, धुळे

फार आनंद झाला, ताई. जोडीदार आणाच, पण मासा पेलेटवर पूर्ण रुळून आणखी एक महिना जाऊ द्या, आणि शक्य असेल तर उन्हाळा उतरू द्या. त्याच जातीचा, याच्यापेक्षा स्पष्टपणे लहान मासा निवडा. क्लाऊनफिशचे एकही पिल्लू सुरुवातीला मादी नसते. जोडीतला मोठा आणि वरचढ मासा पुढे मादी होतो आणि लहान नर राहतो. सारख्या आकाराचे दोन आणले तर ही उतरंड ठरवण्यासाठी भांडण लांबते. नवा मासा आणल्यावर आपला मासा त्याच्या अंगावर धावून जाईल आणि नवा एका कुशीवर होऊन थरथरेल. ती शरणागतीची खूण आहे, झटका नव्हे, तेव्हा मध्ये पडू नका. पर फाटू लागले तरच तोच भोकांचा डबा पुन्हा काढा.

आणि यावेळी पिशवीतल्या पाण्याची घनता आधी मोजा. वेगळ्या टाकीसाठी माझ्याकडे वीस लिटरची एक मोकळी टाकी पडून आहे. पुढच्या खेपेला येताना घेऊन येतो.